छप्पर खाजगी, तार सार्वजनिक



छपरावर सौर पॅनेल बसविले की वीजबिल संपले आणि महावितरणशी असलेला संबंधही संपला, असा एक समज बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी दृढ होत चालला आहे. पॅनेल विकणाऱ्यांच्या जाहिराती या समजाला खतपाणी घालतात. ज्या जिल्ह्याने भारनियमनाची वर्षे भोगली, ज्याच्या शेतकऱ्याने पाण्याची पाळी धरण्यासाठी रात्री-अपरात्री विंचूकाट्याची वाट तुडविली, त्या जिल्ह्याला विजेच्या स्वावलंबनाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. परंतु या समजाचा पूर्वार्ध अर्धाच खरा आहे आणि उत्तरार्ध तर सर्वस्वी चुकीचा आहे. वीजजाळ्याशी जोडलेला सौर संच बसविणारा ग्राहक महावितरणपासून सुटत नाही; त्याचा संबंध उलट अधिक गुंतागुंतीचा होतो. काल तो केवळ गिऱ्हाईक होता, आज तो गिऱ्हाईकही आहे आणि पुरवठादारही आहे. या भागीदारीचे भांडवल जेवढे त्याच्या छपरावर आहे, तेवढेच रस्त्यावरच्या खांबात, तारेत आणि डीपीत आहे. आणि हे दुसरे भांडवल सर्वांचे आहे.

म्हणूनच सौर संचाची आखणी हा केवळ इंजिनिअरचा किंवा विक्रेत्याचा विषय राहत नाही. किती किलोवॅटचा संच बसवावा हा वरकरणी घरमालकाचा खाजगी हिशेब आहे. पण त्या हिशेबाचा धागा शेजाऱ्याच्या बिलापर्यंत जातो. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच की, संचाचे माप गरजेवरून ठरावे, अनुदानावरून किंवा ऐपतीवरून ठरू नये. आणि ज्यांना स्वतःचे छप्पर नाही त्यांनाही या उन्हात वाटा मिळावा.

भर दुपारी वीज का जाते?

प्रथम यंत्रणेचा विचार करू. सिलिकॉनच्या पॅनेलवर ऊन पडले की एकदिश वीज निर्माण होते. घरातील पंखे आणि मोटारी मात्र प्रत्यावर्ती विजेवर, सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर, चालतात. हा बदल घडवून आणणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. जाळ्याशी जोडलेल्या संचात या इन्व्हर्टरला आणखी एक काम असते. बाहेरच्या तारेतील विजेचा दाब व तिची आवर्तने यांच्याशी तो आपली वीज तंतोतंत जुळवून घेतो; मग ती घरात वापरली जाते आणि घराची गरज भागल्यावर उरलेली तारेवर जाते. किती युनिटे गेली आणि किती आली, याची नोंद दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर ठेवतो. आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा करून बाकीचे बिल आकारणे, या पद्धतीला नेट मीटरिंग म्हणतात.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. दुपारी दिलेली वीज तारेत साठून राहते आणि रात्री तीच परत मिळते, असे पुष्कळांना वाटते. तारेत वीज साठत नाही. दुपारी छपरावरून गेलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या घरात किंवा पलीकडच्या पिठाच्या गिरणीत वापरली जाते. रात्री जी वीज परत येते ती पारससारख्या कोळशावरच्या केंद्रात किंवा कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात त्या वेळी निर्माण झालेली असते. साठते ती वीज नव्हे. साठतो तो हिशेब. दिवसाचे एक युनिट म्हणजे रात्रीचे एक युनिट, हा समाजाने मान्य केलेला विनिमयदर आहे. तो निसर्गाने घालून दिलेला नाही, नियामक आयोगाच्या विनियमाने घालून दिलेला आहे.

दुसरी गोष्ट याहून अधिक अनुभवाची. बाहेरची वीज गेली की जाळ्याशी जोडलेला संच, वर लख्ख ऊन असतानाही, बंद पडतो. नव्या ग्राहकाला हे फसवणुकीसारखे वाटते. परंतु यामागे एका माणसाचा जीव आहे. वादळात तार तुटली आणि दुरुस्तीसाठी लाईनमन खांबावर चढला, तर वरची लाईन बंद असूनही एखाद्या घराच्या छपरावरून वीज तारेत आली, तर तो जागीच दगावेल. म्हणून तारेवरची वीज नाहीशी होताच क्षणात थांबणे ही इन्व्हर्टरवर घातलेली सक्ती आहे. वीज गेल्यावरही घर चालावे असे वाटत असेल तर बॅटरीसह असलेला हायब्रीड संच घ्यावा लागतो. तो तारेपासून घर पूर्णपणे वेगळे करूनच चालतो आणि त्याचा खर्च पुष्कळ वाढतो. घाटाखालच्या ज्या गावात उन्हाळी वादळाने तासन् तास वीज जाते, तेथे विक्रेत्याने ही गोष्ट सौदा होण्यापूर्वी सांगितली पाहिजे. ती न सांगणे हा अप्रामाणिकपणा होय.

मग बॅटऱ्या लावून तारेचा संबंधच का तोडू नये? या प्रश्नाचे उत्तर बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावाने दिले आहे. तेथे २०१४ साली १०० किलोवॅटचा स्वतंत्र, बॅटऱ्यांवर चालणारा सौर प्रकल्प मोठ्या गाजावाजाने उभा राहिला. पुढे गावात सरकारी वीज पोहोचली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि प्रकल्प बंद पडला. तारेपासून तुटलेली वीज महाग पडते आणि तिची देखभाल एकट्या गावाच्या खांद्यावर येते. सामान्य माणसाच्या हिताची सौर वीज ही सार्वजनिक जाळ्याच्या आधारानेच उभी राहील, हा या उदाहरणाचा धडा आहे.

माप कशाने घ्यावे?

संचाचे माप घेण्याची फूटपट्टी एकच आहे : मागील बारा महिन्यांची वीजबिले. एका महिन्याचे बिल पाहून संच ठरविणे म्हणजे एका पावसावरून पीक ठरविण्यासारखे आहे. विदर्भाच्या उन्हात १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे देतो. ज्या घराचा वापर महिन्याला सरासरी २४० युनिटे आहे, त्या घराला २ किलोवॅट पुरेसे होतात. इतका हा सोपा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

तरीही पुष्कळ घरांवर गरजेपेक्षा मोठा संच का चढतो? याचे एक कारण अनुदानाच्या रचनेत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले. देशातील १ कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये असा या योजनेचा व्याप ठरला. ७८,००० हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापला जातो आणि २ किलोवॅटची गरज असलेला मनुष्य 'सरकार देतेच आहे' म्हणून ३ किलोवॅट घेतो. परंतु तिसऱ्या किलोवॅटला अनुदान मिळते ते १८,००० रुपये; बाकीचा खर्च खिशातून किंवा कर्जातून जातो. त्या किलोवॅटची वीज घरात वापरली जाणार नसेल, तर ते कर्ज कशासाठी?

वर्षअखेरचा हिशेबही ध्यानात घेतला पाहिजे. जादा दिलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण ३१ मार्चला खाते मिटते आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना ग्राहक देतो त्या दरापेक्षा पुष्कळच कमी मोबदला मिळतो. शिवाय शिल्लक पुढे नेता येते, मागे नेता येत नाही. आपल्याकडील घरांचा वापर एप्रिल, मे आणि जूनमध्ये सर्वाधिक; कारण कूलर अहोरात्र चालतात. नेमके तेव्हाच नवे वर्ष सुरू झालेले असते आणि खात्यावर शिल्लक शून्य असते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असल्याने निर्मिती घटते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ऊन स्वच्छ आणि वापर कमी, म्हणून शिल्लक साचते. आणि ती साचते न साचते तोच ३१ मार्च उजाडतो. यास्तव संचाचे माप वार्षिक वापराच्या किंचित खालीच ठेवणे शहाणपणाचे आहे. बिल शून्यावर आणण्याचा हट्ट महाग पडतो. शिवाय स्थिर आकार तर शून्य युनिटांनाही भरावाच लागतो.

छप्पर, सावली आणि खारे पाणी

माप ठरल्यावर छप्पर पाहावयाचे. १ किलोवॅटला मोकळी, सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा धरावी. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे आणि त्यांचा कल अक्षांशाइतका, म्हणजे आपल्या जिल्ह्यात सुमारे २० अंश, असावा. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. परंतु वर्षाचा बाकी सारा काळ तो दक्षिणेकडून तळपतो, म्हणून दक्षिण हीच फायद्याची दिशा. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उतरते छप्पर असेल तरी संच बसतो, निर्मितीत थोडी तूट येते एवढेच. ती तूट विक्रेत्याने आकड्यात सांगावी.

सावलीचा शत्रू मोठा कपटी आहे. पॅनेले माळेतील मण्यांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. त्यांतील एकावर पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली पडली तर केवळ त्या एकाचीच नव्हे, साऱ्या माळेची वीज घटू शकते. डिसेंबरमध्ये सूर्य कलतो आणि सावल्या लांबतात. म्हणून जागेची पाहणी मे महिन्यात केली असेल तर डिसेंबरच्या सावलीचा हिशेब मुद्दाम मांडावा लागतो. मात्र सावली पडते म्हणून अंगणातला कडुनिंब तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्या झाडाने घराला दिलेला गारवा कोणत्याही मीटरवर मोजला जात नाही. पॅनेल हलवावे, झाड नव्हे.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हाही असाच एक गैरसमज. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का वीज घटते. खामगाव, नांदुरा, मलकापूर या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर जाते; तेव्हा पॅनेल ६५ अंशांच्या पुढे तापते आणि निर्मिती १४-१५ टक्क्यांनी कमी होते. घाटावरचे बुलढाणा शहर या बाबतीत अधिक भाग्यवान आहे. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवली तर ही हानी काहीशी टळते.

धूळ हा चौथा शत्रू. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारा रुईचा कोंडा पॅनेलवर बसतो आणि दवाने चिकटतो. ते धुवावयास हवे. पण कोणत्या पाण्याने? शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतले की काचेवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि धुळीपेक्षाही तो वाईट ठरतो. तेथे पावसाचे साठविलेले पाणी किंवा नळाचे गोडे पाणी वापरावे, धुणे सकाळी काच थंड असताना करावे आणि मऊ फडक्याने पुसून घ्यावे. ज्या गावात पिण्याच्या पाण्याचीच वानवा आहे, तेथे कोरड्या मऊ ब्रशावर भागवावे.

उरल्या दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. वळवाच्या वादळात पॅनेल पतंगासारखे उचलले जाते; म्हणून त्याचा सांगाडा स्लॅबला किंवा कैचीला भक्कम जखडलेला असावा. जुन्या धाब्याच्या घरांवर आणि गंजलेल्या पत्र्यांवर हा भार टाकण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. दुसरी गोष्ट अर्थिंगची. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पुढे पहिल्याच पावसात विजा कडाडतात तेव्हा तो निरुपयोगी ठरतो. वीजरोधक, एकदिश बाजू आणि प्रत्यावर्ती बाजू यांचे अर्थिंग स्वतंत्र असावे आणि खड्ड्यात मे महिन्यातही पाणी घातले जावे. या साध्या गोष्टी कंत्राटात लिहिलेल्या असतील तरच त्या होतात.

जिनिंगपासून दवाखान्यापर्यंत

व्यवसायाच्या संचाची आखणी घराच्या आखणीहून वेगळी असते, कारण तेथे युनिटांपेक्षा वेळेला महत्त्व आहे. ज्याचे काम दिवसा चालते त्याला सौर वीज सर्वांत फायद्याची. निर्माण होताच ती जागेवर वापरली जाते आणि तारेवर भारही पडत नाही. दवाखाना, बँकेची शाखा, शाळा, डाळमिल, पिठाची गिरणी, शीतगृह ही या वर्गातील उदाहरणे. उलट संध्याकाळी सहानंतर गजबजणाऱ्या दुकानाला किंवा खानावळीला सारी मदार नेट मीटरिंगच्या हिशेबावर ठेवावी लागते. नियम बदलला तर त्याचे गणित कोलमडू शकते. शेगावसारख्या यात्रेच्या गावातील लॉजला गरम पाणी हवे असते. त्यासाठी पॅनेलच्या विजेवर गिझर चालविण्यापेक्षा साधा सौर बंब स्वस्त आणि सोपा पडतो. प्रत्येक गरजेवर वीज हेच उत्तर नाही, हेही आखणीतच येते.

खामगाव-मलकापूरच्या जिनिंगचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. या गिरण्यांचा हंगाम साधारणतः दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चच्या आसपास आटोपतो. उरलेले महिने प्रचंड शेड रिकाम्या उभ्या असतात. घराची शिल्लक मार्चमध्ये बुडते, परंतु जिनिंगची एप्रिल ते ऑक्टोबरची शिल्लक त्याच आर्थिक वर्षातील हंगामात उपयोगी पडते. निसर्ग आणि हिशेब यांचा असा मेळ क्वचितच बसतो. तथापि येथे एक अडसर आहे. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकाची जादा वीज बिनगर्दीच्या वेळेतील धरावयाची, अशी रीत राज्य आयोगाच्या विनियमांनी घालून दिली. म्हणजे जी गिरणी मुख्यतः रात्रपाळीत चालते तिला दुपारच्या युनिटाचे पूर्ण मोल मिळत नाही. अशा गिरणीने संच लहान ठेवावा किंवा पाळीची वेळ बदलावी. रात्रपाळीऐवजी दिवसपाळी हा बदल कामगाराच्या प्रकृतीलाही मानवेल. सूर्याच्या वेळेप्रमाणे काम करण्यात मालक आणि मजूर या दोघांचे हित एकत्र येण्याचा असा योग विरळाच.

डीपी कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. आपल्या भागात ज्याला सारे डीपी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर २५, ६३ किंवा १०० केव्हीएचा असतो. त्यावर किती सौर वीज उलटी चढवावी याला मर्यादा आहे. भर दुपारी वापर कमी आणि निर्मिती जास्त झाली की तारेच्या टोकाला विजेचा दाब वाढतो आणि इन्व्हर्टर एकामागून एक बंद पडू लागतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत ही मर्यादा डीपीच्या क्षमतेच्या ४० टक्के होती. २०१९ च्या विनियमांत ती ७० टक्के झाली.

समजा, एखाद्या वस्तीत १०० केव्हीएची डीपी आहे. ७० टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यावर सुमारे ७० किलोवॅट सौर वीज बसेल. गरजेपुरते २ किलोवॅट घेणारी ३५ घरे तेथे सामावतील. परंतु १० किलोवॅटचे सात बंगले आधी आले तर डीपी भरली. जो आधी येईल त्याची जागा, हा नियम दिसावयास समान आहे; पण आधी कोण येतो? ज्याच्याजवळ पैसा आहे, पक्के छप्पर आहे आणि अर्ज भरणारा मुलगा आहे तो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित नियमांनी १० किलोवॅटपर्यंतच्या संचांना तांत्रिक तपासणीवाचून मान्यता दिली आणि ५ किलोवॅटपर्यंत तारा-डीपी बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीवर टाकला. अर्जदाराची ससेहोलपट यामुळे थांबली, हे स्वागतार्हच आहे. मात्र कंपनीवर पडलेला खर्च अखेरीस वीजदरातच मिसळतो आणि दर तर पॅनेल नसलेलाही भरतो.

याच ठिकाणी महावितरण आणि सौर ग्राहक यांच्यातील जुना वाद येऊन मिळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयोगाने जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात नेट मीटरिंगला कात्री लावण्याचा रोख होता. राज्यभरातून हरकती आल्या. डिसेंबरमध्ये अंतिम विनियम आले तेव्हा नेट मीटरिंग टिकले, दुसरी पद्धत ऐच्छिक राहिली आणि राज्यातील छपरांवरची क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत जाळ्याच्या वापराचा आकार लावू नये, असे ठरले. कंपनीचे म्हणणे असे की, मोठे ग्राहक दिवसा आमची वीज घेत नाहीत, रात्री मात्र तार वापरतात. तारेचा खर्च मग कोणी सोसावयाचा? सौर ग्राहकाचे म्हणणे असे की, आम्ही भांडवल घातले, कोळसा वाचविला, लांबून वीज आणण्यातील गळती टाळली. त्याचे मोल कोठे आहे?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही बाजू एका आकड्याबद्दल बोलत नाहीत. महाराष्ट्रात १०० युनिटांपुढील घरगुती विजेचा दर पहिल्या शंभर युनिटांच्या जवळपास दुप्पट आहे. वरच्या टप्प्यातून मिळणाऱ्या पैशातून खालच्या टप्प्याला आणि शेतीला आधार मिळतो. याचा परिणाम असा की, ३०० युनिटे वापरणाऱ्याने १ किलोवॅट बसविले तर त्याची महिन्याला महाग दराची १२० युनिटे वाचतात. ९० युनिटे वापरणाऱ्या मजुराने तेच १ किलोवॅट बसविले तर त्याची स्वस्त दराचीच युनिटे वाचतात, आणि तीही सारी नव्हेत. तोच सूर्य आणि तेच पॅनेल, पण गरिबाच्या छपरावर त्याची कमाई निम्म्याहून कमी! आणि ज्या महाग युनिटांच्या वसुलीवर गरिबाची स्वस्त युनिटे उभी होती, ती वसुली मात्र घटत जाते. येथे कोणाचाही दुष्ट हेतू नाही. नुसत्या अंकगणितानेही विषमता वाढू शकते, ती अशी.

यावर सौर वीज रोखणे हा उपाय नव्हे. लहान घरगुती ग्राहकाचे नेट मीटरिंग अबाधित असावे, मोठ्या व्यापारी व औद्योगिक संचांनी तारेच्या खर्चाचा न्याय्य वाटा उचलावा, आणि त्यातून आलेला पैसा वस्तीतल्या डीपी बळकट करण्यावरच खर्च व्हावा, ही मागणी न्यायाची आहे आणि व्यवहाराचीही.

ज्यांना छप्पर नाही

भाडेकरू, धाब्याच्या घरातला वृद्ध, पत्र्याच्या खोपटातला ऊसतोड मजूर जो वर्षाचे काही महिने गावातच नसतो, यांना छपरावरची योजना कशी लागू पडणार? राज्य शासनाने २०२५ साली दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या सुमारे ५ लाख घरांसाठी १ किलोवॅटच्या संचांची 'स्मार्ट' योजना मंजूर केली; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने त्यात २,५०० रुपये भरावयाचे आहेत. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण तेथेही छप्पर हवेच.

म्हणून छपराची अट सैल करणारा मार्ग शोधला पाहिजे आणि तो अनोळखी नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि पंपाला न लागणारी वीज एका जोडणीतून राज्याच्या वीज कंपनीला विकावयास सुरुवात केली. दिल्लीत २०१९ साली एकाच सामाईक संचाची युनिटे अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत मान्य झाली. आपल्याच राज्यात सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ साली पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. साखर आणि सूत यांचा सहकार ज्या महाराष्ट्राने पाहिला, त्याला उन्हाचा सहकार अवघड वाटू नये. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायतींच्या इमारती, बाजार समित्यांचे ओटे आणि गोदामे यांची छपरे सार्वजनिक आहेत. त्यांवर उभे राहिलेले संच ज्यांना छप्पर नाही त्यांच्या नावे वाटून द्यावेत, अशी मागणी तेराही तालुक्यांतून उठावयास हवी.

कार्यकर्त्यांचे काम

मित्रहो, ही मागणी पुढे नेण्यास व्याख्यानापेक्षा वहीपेन्सिल अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीची डीपी पाहावी : तिची क्षमता किती, तिच्यावर किती किलोवॅट सौर वीज आधीच चढली आहे, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे. हा आकडा गुपित असण्याचे कारण नाही. तो गावाच्या चावडीवर लावला जावा. संच घेऊ इच्छिणाऱ्याची बारा बिले त्याच्यासमवेत बसून वाचावीत आणि माप सांगावे. करारावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारण्याची सवय लोकांना लावावी. वर्षाला किती युनिटांची हमी? सावलीचा हिशेब मांडला आहे काय? वीज गेल्यावर संच चालेल की नाही? योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल कोण करणार? कर्जाचा हप्ता वाचणाऱ्या बिलापेक्षा कमी आहे काय? या पाचांची उत्तरे कागदावर मिळत नसतील तर विक्रेता बदलावा.

आयोग दर ठरविण्यापूर्वी आणि विनियम करण्यापूर्वी जनतेकडून हरकती मागवितो. त्या हरकती आजवर मुख्यत्वे कारखानदारांच्या संघटना आणि मोठ्या शहरांतील ग्राहक मंडळे नोंदवीत आली. मेहकर, लोणार किंवा सिंदखेडराजाच्या भाडेकरूची बाजू त्या कागदांत क्वचितच दिसते. ती मांडणे हे कोणा इंजिनिअरचे नव्हे, तर कार्यकर्त्याचे काम आहे.

घाटावर आणि घाटाखाली, बंगल्यावर आणि खोपटावर ऊन सारखेच पडते. ते मोजणारा मीटर आणि वाहून नेणारी तार मात्र माणसाने घडविली आहे; म्हणून त्यांच्यातला न्यायही माणसालाच घडवावा लागेल. २ किलोवॅटची गरज असलेल्याने २ किलोवॅटच घ्यावेत आणि डीपीवरची उरलेली जागा शेजाऱ्यासाठी मोकळी राहू द्यावी. सुरुवात एवढ्यापासून करता येईल.